कचऱ्यावरची माती

नगरपंचायतीत मी कंत्राटावर स्वच्छतेचं काम बघत होते तेव्हाची गोष्ट. रोज संध्याकाळी कचरा डेपोवर जायचं, दिवसभरात आलेल्या कचऱ्यावर मातीचा थर पडला का ते बघायचं, त्याचा फोटो काढायचा आणि वरच्या हापिसाला पाठवायचा, हे माझ्या कामांपैकी एक काम. एका उन्हाळ्यात मला कळलं, की त्या थराची माती माझ्या मायच्या शेतातून येतेय. त्या दिवशी मी फोटो पाठवला नाही. पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

आमचं गाव अंबडच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला. नाव सांगत नाही. सांगितलं तर गावातले दहा जण भांडायला येतील, आणि शेजारच्या गावचा अकरावा येऊन म्हणेल, बाई, आमच्याकडं पण बराबर असंच झालं. गाव म्हणायचं ते सवयीनं. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, पाटी बदलली आणि खेड्याचं एका दिवसात शहर झालं. शहर झाल्यामुळं डेपो आला, डेपो आल्यामुळं मी आले. माझ्या नोकरीला मी नावं ठेवत नाही, त्या नोकरीवर आमचं घर चालत होतं.

गावाबाहेर गायरान आहे. माझ्या माय-बाबांनी आमच्या वस्तीतल्या इतर जयभीमवाल्यांसारखं तिथं गायरान काढलं होतं. काढलं म्हणजे कुणी दिलं नव्हतं. दगड वेचले, बाभळीची खुंटं उपटली, आणि जिथं गावची जनावरंसुद्धा थांबत नव्हती तिथं तूर आणि बाजरी उभी केली. बाबा गेले, पण तुकडा काही नावावर झाला नाही. अर्ज झाले, मोर्चे झाले, अंबडच्या हेलपाट्यांत चपला झिजल्या. अशा जमिनीला एकच आधार असतो, तो म्हणजे दरसालची पेरणी. तलाठी येतो, पीक बघतो, लिहून घेतो. पीक असेल तर तुमचा ताबा, पीक नसेल तर तुम्ही कोण? म्हणून मायनं पाऊस नसलेल्या सालीही पेरलं होतं. उगवलं नाही तरी पेरलं होतं. शेजारणी हसायच्या तर ती म्हणायची, "उगवनं त्याच्या हातात, पेरनं माझ्या हातात."

याच गायरानाला लागून डेपो. गावानं आधी आमची वस्ती एका दिशेला लावली आणि मग कचराही त्याच दिशेला नेला. या बाबतीत आमच्या गावाची दिशा कधी चुकत नाही.

तर त्या दिवशी मी डेपोवर उभी होते आणि माय बांधावरून तरातरा येताना दिसली. ती एका मोसंबीच्या बागेत रोजानं जायची, त्या दिवशी लवकर सुटली होती. माझ्याजवळ येऊन दम न घेताच म्हणाली, "जेसीबी आपल्या तुकड्यात कामून शिरली गं?"

मी म्हणाले, "आपल्या नाही, पलीकडच्या टेकाडातून माती आणतात."

"टेकाड सपलं. चल, दावते."

टेकाड खरंच संपलं होतं. मुरूम उघडा पडला होता, आणि जेसीबी आता आमच्या तुकड्याचा पश्चिमेकडचा कोपरा उचलत होती. वरची काळी माती आमच्याकडं हातभरसुद्धा नाही, तिच्याखाली पांढरा चुनखड. ड्रायव्हर काही वाईट माणूस नव्हता. मला बघून त्यानं यंत्र बंद केलं. म्हणाला, ठेकेदारानं सांगितलं. ठेकेदार फोनवर म्हणाला, साहेबांनी सांगितलं. मी तशीच साहेबांकडं गेले.

मुख्याधिकारी साहेब नम्र बोलायचे. नम्र माणसाशी भांडण काढणं फार अवघड असतं. ते म्हणाले, "मॅडम, जमीन सरकारी आहे. सरकारी माती सरकारी कचऱ्यावर पडली तर कुणाचं काय गेलं?"

"कचरा सरकारी कधी झाला, सर? तो गावाचा आहे. तुमच्या आमच्या घरातला आहे."

"तुमच्या आई अतिक्रमणधारक आहेत. ही गोष्ट मी आजवर मनावर घेतली नाही. तुम्हीही घेऊ नका."

मी म्हणाले, "मनावर घ्या, सर. मी तर घेतलंच आहे."

साहेब हसले. "थर तर द्यावाच लागतो, तुम्हीच मला तो नियम शिकवला. मातीला पर्याय आणा, मी जरूर बघतो. तुमचं कंत्राट पुढं न्यायचंय ना?"

"न्या नाहीतर राहू द्या, पण माती नेऊ नका," एवढं बोलून मी बाहेर पडले. पर्याय आणा, हे त्यांनी मला वाटेला लावायला म्हटलं होतं. मी ती वाट धरली.

घरी आल्यावर मी मायला म्हणाले, उद्यापासून कचरा उघडाच पडू दे, गावाला वास येऊ दे, म्हणजे कळेल. माय भाकरी थापत होती, तिनं मान वर केली. "गावाला वास कवा येईल? आधी आपल्याला येतो. उघड्या कचऱ्यावरच्या माश्या कोनाच्या भाकरीवर बसत्यात? झाकायला तर पाह्यजेच. पर माझ्या मातीनं न्हाई." खरं होतं. थर नव्हता तेव्हाचे दिवस वस्तीला आठवत होते. दिवसभर धूर, पोरांना खोकला, कुत्र्यांनी ओढून आणलेली घाण उंबऱ्यात, आणि वारा सुटला की बाभळीला कॅरीबॅगांची पानं. कचरा झाकणं हे आमच्यासाठी हापिसाचं कलम नव्हतं, जगण्याचा भाग होता. पण जगायला जी माती लागते तीच त्याच्यावर घालायची, ही अक्कल आम्हाला मान्य नव्हती.

नियम मी नीट वाचला होता. मातीऐवजी बांधकामाचा राडारोडाही चालतो. म्हणून आधी तो आणायचं ठरलं. आमच्या गावात राडारोडा मिळणं म्हणजे लग्नात उरलेला पंगतीतला लाडू मिळण्यासारखं. कुणी भिंत पाडली की विटांचा तुकडा न् तुकडा शेजाऱ्याच्या जोत्यात भरावाला जातो. जुन्या शाळेची पडकी खोली पाडली तेव्हा मी ट्रॅक्टरवाल्याच्या हातापाया पडून एक ट्रॉली डेपोवर आणवली. सकाळी जाऊन बघते तर जागा झाडून नेल्यासारखी. पुढं महिनाभरात गावात एक नवं जोतं उभं राहिलं, आणि वास्तुशांतीचं आमंत्रण मलाही आलं. मी गेले, जेवले आणि जोत्याकडं बघत बसले.

मग राख. साखर कारखान्याकडं राखेचे डोंगर असतात, कुणीही न्या म्हणतात. एक ट्रक आणला, पसरला. राख कचऱ्यावर छान बसली, वास दबला, माझा आनंद गगनात मावेना. दुपारी वावटळ आली. सगळी राख उठली आणि गावात जाऊन वाळवणावर बसली. कुरडया, पापड, सांडगे, सगळं करडं. बाया नगरपंचायतीवर चालून आल्या आणि त्यांना सामोरं जायला साहेबांनी मलाच पाठवलं. त्या दिवशी ऐकलेल्या शिव्यांपैकी काही मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या.

तोवर जेसीबी थांबली नव्हती. रोज थोडी थोडी आत येत होती.

तिसरी गोष्ट मायला दिसली. ती ज्या बागेत जायची तिथं शेततळं होतं. आमच्या भागात शेततळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर घालतात, त्याला सगळे कागद म्हणतात. काळा, जाड, हत्तीच्या कातड्यासारखा कागद. त्या तळ्यात पाणी प्यायला एक रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उतरला, त्याला वर चढता येईना, खुरांनी त्यानं सगळा कागद फाडला. मालकानं नवा टाकला, जुना घडी करून बांधावर लावला. दोन सालांपासून तो तिथंच पडून होता आणि त्याच्या घडीत नागानं घर केलं होतं. माय मालकाला म्हणाली, "नेऊ का?" तो म्हणाला, "नागासकट ने." नाग आपला आपण गेला. कागद वस्तीतल्या चार घरांनी मिळून बैलगाडीत घालून आणला.

मी तो उलगडून बघितला आणि मनातलं बोलून दाखवलं. संध्याकाळी कचऱ्यावर हा पांघरायचा, सकाळी काढायचा, दिवसभर कचरा टाकायचा, संध्याकाळी परत पांघरायचा. परदेशात असं करतात हे मी कुठंतरी वाचलं होतं. माय म्हणाली, "परदेशात कशाला जाती? सोयाबीनची सुडी झाकतो आपन, तसंच हाय ते." सुडी म्हणजे कापून रचलेल्या पिकाचा ढीग.

कागदाला दोर ओवायला कड्या नव्हत्या, भोक पाडलं की तो फाटत जायचा. त्यावर तोड सुडी झाकणाऱ्या सगळ्या बायांना माहीत असते. कागदाखाली गोल खडा धरायचा, वरून कागदाची मूठ आवळायची आणि खड्याच्या मानेला दोर बांधायचा. कागद फाटत नाही आणि गाठ निसटत नाही. तीर्थपुरीच्या बाजारातून मी नायलॉनचा दोर आणला. डेपोवर भंगार वेचणाऱ्या बाया होत्या, आमच्याच वस्तीतल्या. त्या खडे बांधायला बसल्या. त्यांचा यात स्वार्थ होता आणि तो त्यांनी तोंडावर सांगितला. त्यांच्यातली एक उंच, दातवण लावणारी मावशी म्हणाली, "म्याडम, माती टाकली की आमचं उरलेलं भंगार गाडलं जातं. कागद टाकला तर सकाळी जागच्या जागी घावतं. तुमच्या मायच्या तुकड्याचं आमाला वाईट वाटतंच, पर हे बी हाय." मला तिचं बोलणं आवडलं. नुसत्या दयेनं आलेला माणूस दुसऱ्या दिवशी येत नाही.

कागद उडू नये म्हणून वजन हवं होतं. माती तर वापरायची नव्हती. मग बाबांनी तुकड्यातून वेचून बांधावर रचलेले दगड आम्ही उचलले. मायनं एकही दगड आधी विचारल्याशिवाय हलवू दिला नाही. हा राहू दे, तो ने, असं करत बसली. मी चिडले, तर म्हणाली, "वेचले तवा तू पाळन्यात व्हतीस, तुला काय ठावं."

पहिल्या संध्याकाळी आम्ही जो कागद घातला तो बघण्यासारखा होता. बाया सगळ्या शेतावरच्या, त्यांना अर्धवट काम येतच नाही. सुडी झाकतात तशी त्यांनी कचऱ्याची टेकडी चारी बाजूंनी आवळली. शेततळ्यावर काम केलेल्या दोघी होत्या, त्यांनी त्याही पुढं जाऊन कडेनं चर खोदला आणि कागदाच्या कडा चरात पुरल्या. आता वादळ येऊ दे, म्हणाल्या. मुंगीला आत जायला जागा नव्हती. मी फोटो काढला आणि पाठवला. माय कागदावर हात फिरवून म्हणाली, "हे खरं झाकन." आम्ही सगळ्या घरी गेलो आणि मला त्या दिवशी गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी गावची जत्रा. कचऱ्याच्या गाड्या बंद, म्हणून सकाळी कागद काढायलाही कुणी गेलं नाही. दुपारी साहेबांचा फोन, जरा डेपोवर या. गेले तर लांबूनच दिसलं. उन्हानं आणि आतल्या सडण्यानं टेकडी फुगली होती. गच्च, टरारून, काळीकुळकुळीत. कागदावर एक कुत्रं चढलं होतं आणि त्याला पाय रोवता येत नव्हते. जेसीबीवाला हसून हसून बेजार. माय माझ्या मागोमाग आली, तिनं कागदावर थाप मारली, आवाज ऐकला आणि म्हणाली, "आफरा आलाय."

गाईचं पोट फुगतं त्याला आमच्याकडं आफरा म्हणतात. कचऱ्याला आफरा आलेला मी पहिल्यांदा बघितला. साहेबांनी नाकाला रुमाल लावून फर्मावलं, "काढा हे." पण काढणार कसं? कडा चरात पुरलेल्या. रोज काढायची वस्तू आम्ही जन्मभरासाठी घालून ठेवली होती. सुडी एकदा झाकली की मळणीपर्यंत उघडायची नसते आणि शेततळ्याचा कागद तर कधीच काढायचा नसतो. आम्हाला झाकणं येत होतं ते असं. शेवटी बायांनी चर उकरला, एक कड सुटली आणि आतली कोंडलेली हवा फुसकन बाहेर पडली. वारा जिकडं जात होता तिकडंच साहेब उभे होते. त्यांचं वर्णन मी करत नाही, त्यांनाही लेकरंबाळं आहेत. गाडीकडं धावता धावता ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून माती."

आणि उद्यापासून माती सुरू झाली. जेसीबीनं दोन दिवसांत तुकड्याचा निम्मा भाग उचलला. जरूर नव्हती तेवढी उचलली. डेपोच्या कडेला काळ्या मातीचा वेगळा ढीगच लावून ठेवला, पुढं लागेल म्हणून. मला कळायचं ते कळलं. जिथून माती गेली तिथं गुडघाभर खड्डा आणि तळाला चुनखड. पेरणीला फार दिवस उरले नव्हते. पेरा दिसला नाही तर ताबा संपला, आणि ताबा संपला की डेपोला वाढायला जागा मोकळी. कचऱ्यावर माती टाकता टाकता आमच्यावरच टाकत होते.

त्या रात्री माय आणि मी कडाकडा भांडलो. मी म्हणाले, चर खोदायला तुला कुणी सांगितलं होतं? ती म्हणाली, तू शिकलेली, तुला न्हाई का कळलं? बराच वेळ दोघी एकमेकींना लागेल असं बोललो. मग ती म्हणाली, "आफऱ्याला दाबत न्हाईत. वाट देत्यात. मावळतीकडून वारं येतं ना? मावळतीची कड दगडानं दाबू. उगवतीची मोकळी सोडू."

मी म्हणाले, "उगवतीला गाव आहे, माय."

"मंग? वारं काय म्या लावलं?"

या वेळी आम्ही कुणालाच विचारलं नाही. संध्याकाळी शेवटची गाडी रिकामी झाली की जेसीबी यायच्या आत बायांनी कागद ओढला. खड्यांना बांधलेल्या दोरांमुळं तो वरून खाली सरकन आला. मावळतीला दगड, उगवतीला मोकळी कड. मग आम्ही सगळ्या कागदाच्या कडेला ओळीनं बसलो. जेसीबीवाला बकेट भरून आला आणि थांबला.

"बाजूला व्हा, मला माती टाकायचीय."

मावशी म्हणाली, "टाक की. आमच्यावर टाक. आमी बी गावाचाच कचरा हाओत."

ड्रायव्हरनं बकेट खाली टेकवली, यंत्र बंद केलं आणि बिडी शिलगावली. ठेकेदाराचा फोन आला तर तो म्हणाला, "बाया बसल्यात. मला न्हाई जमत." त्याची नोकरी आमच्यापेक्षा कच्ची होती, तरी तो एवढं बोलला. आम्ही अंधार पडेपर्यंत बसलो, आणि पुढचा आठवडाभर रोज बसलो. सकाळी सगळ्याजणी मिळून कागद ओढायचो. दोर धरून ओढताना मावशी ओव्या म्हणायची आणि त्यात साहेबांचं नाव घालायची. कागद पुन्हा फुगला नाही. माश्या कमी झाल्या, कुत्री दोन दिवस येऊन हुंगून गेली आणि तिसऱ्या दिवशी आली नाहीत. मी रोज फोटो पाठवत होते.

मग एक दिवस वरच्या हापिसातून साहेबांना फोन आला. हे काळं कापड काय आहे, फार छान दिसतंय, इतर गावांनाही सांगू, कल्पना कुणाची? साहेबांनी क्षणभरही वेळ घेतला नाही. म्हणाले, "आमचीच." दुसऱ्या दिवशी दोन पत्रकार बोलावले, कागदाशेजारी उभे राहिले, मातीसारखी मौल्यवान संपत्ती वाचवण्याबद्दल बोलले. बायांना फोटोत घेतलं नाही, वास येतो म्हणून थोडं लांब उभं केलं. मी रागारागानं घरी आले. मायनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "घेऊ दी त्याला नाव. आता त्याला माती टाकता येती का? बिलकुल न्हाई." माझा राग गेला नाही. अजूनही गेलेला नाही. पण तिचं म्हणणं बरोबर होतं, साहेब स्वतःच्याच कौतुकात अडकले होते. जेसीबी दुसरीकडं गेली.

राहिला तो डेपोच्या कडेचा ढीग, आमच्याच मातीचा. आणि राहिला खड्डा. माय दुसऱ्या दिवशी पहाटेच घमेलं घेऊन निघाली. मी विचारलं, कुठं? ती म्हणाली, "माती आनायला." दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर, तिनं ढिगातून घमेलं भरलं, डोक्यावर घेतलं, बांध ओलांडला आणि खड्ड्यात ओतलं. मग दुसरं. वॉचमन म्हणाला, "आजी, ही माती नगरपंचायतीची हाय." ती थांबलीसुद्धा नाही. "हिच्यात तुझ्या नगरपंचायतीनं कवा तूर घेतली, ते सांग." पुढच्या दिवशी मावशी घमेलं घेऊन आली, मग बाकीच्या आल्या. मीही सुट्टी टाकून गेले. माती वाहून नेताना मान किती दुखते हे मी विसरले होते. सगळी माती परत आली नाही, बरीच कचऱ्याखाली गेली होती. पण चुनखड झाकला गेला. पहिला पाऊस पडला आणि मायनं त्यात तूर पेरली.

आठ-दहा दिवसांत नोटीस आली. नोटिशीत लिहिलं होतं, की आमच्या मायनं गौण खनिजाची चोरी केली आहे. मी ती तिला वाचून दाखवली. गौण खनिज म्हणजे काय, तिनं विचारलं. मी म्हणाले, माती. ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मला हसू आलं नाही. ज्यांनी न विचारता अख्खा तुकडा उचलला त्यांना खनिज दिसलं नाही, आणि म्हातारीच्या घमेल्यात दिसलं. त्याच आठवड्यात माझं कंत्राट संपलं आणि पुढं नेलं गेलं नाही. पंचनाम्याच्या दिवशी मी तिथं मॅडम म्हणून नव्हते, लेक म्हणून उभी होते. ते बरंच झालं, मला कुणाला सर म्हणायचं नव्हतं.

साहेब आले, त्यांच्याबरोबर तलाठी आला. तलाठी तरुण होता, नवीनच बदलून आलेला. वस्तीतली माणसं बांधावर जमली. तुरीला तेव्हा दोन-दोन पानं फुटली होती. एका बाजूला पाणी साचून काही रोपं पिवळी पडली होती, ती मरणार हे कुणालाही दिसत होतं. साहेब म्हणाले, "बघा, हा खड्डा आहे. इथं शेती नाही. चोरीची माती आणून टाकलेली आहे, तसं लिहा."

तलाठ्यानं खाली वाकून एका रोपाला बोट लावलं. मग मायला म्हणाला, "आजी, तूर तर दिसतेय. पण हा खड्डाच आहे ना. खड्ड्यात पेरा कसा लिहू मी?"

माय म्हणाली, "खड्डा नगरपंचायतीनं केलाय, भाऊ. पेरनी म्या केली. दोन्ही लिव्हा."

तो बांधावर बसला आणि लिहायला लागला. बराच वेळ लिहीत होता. लिहून झाल्यावर मायनं सांगितलं, वाचून दाखवा. त्यानं वाचलं. तुरीचा पेरा आढळला, मायचं नाव, वहिवाट तिची असल्याचं जमलेल्या लोकांनी सांगितलं, असं सगळं आलं. बांधावरची माणसं खूश झाली. मलाही हायसं वाटलं, एवढ्यासाठीच तर सगळं चाललं होतं. मी मायकडं बघितलं. ती खूश नव्हती.

"खड्डा राह्यला," ती म्हणाली.

तलाठ्यानं पेन हातात तसंच धरलं आणि मान वळवून साहेबांकडं बघितलं.

"तिकडं काय बघता, भाऊ?" माय म्हणाली. "खड्डा हिकडं हाय."

आणि त्यानं लिहिलं.